ओस्लोत गाजलेल्या आमदारबाई

१४ एप्रिल
थोडक्यात लिहायचं ठरवलंय. मोठी माणसं थोडक्यात लिहितात.
ओस्लोहून फोन. नॉर्वेतलं वर्तमानपत्र. गिरणी बंद करणाऱ्या मालकाने कामगारांना वर्षभराचा पगार द्यावा, हे आमच्या ओडेटबाईंचं विधेयक त्यांना फार पुढारलेलं वाटतं. बाई इथे अमेरिकेतल्या मेन राज्यात आमदार, मी प्रसिद्धीप्रमुख. ऑफिसात आम्ही दोघंच.
नऊ जूनला उमेदवारीसाठी पक्षांतर्गत निवडणूक. काळजी मिटली.

१६ एप्रिल, सकाळी
गावच्या साप्ताहिकाची हेझल क्रॉकेट आली. वय एकाहत्तर. बातम्या तीच लिहिते, अंकही तीच वाटते. म्हणाली, "ड्वेन, नदीवरचा पूल बंद होऊन पाच महिने झाले. पोरं अकरा मैल वळसा घालून शाळेत जातात. बाईंची दहा मिनिटं दे बाबा."
पुढच्या आठवड्यात, म्हटलं. आधी ओस्लो.

२३ एप्रिल
लेख आला. लिहिणारा टोर्गाइर, सज्जन माणूस. फोनवर भाषांतर करून वाचला. मथळा, 'जंगलातली लाल आजी'.
बाई म्हणाल्या, "मला नातवंडं नाहीत."
समजावलं, तिकडे आजी ही पदवी असते. असावी.

२९ एप्रिल
फ्रेंच रेडिओ. बाईंच्या घरी तीन पिढ्या फ्रेंच बोलतात. तासभर फ्रेंचमध्येच बोलल्या, डोळ्यांत पाणी आलं. पॅरिसवाल्यांनी त्यावर एका मुलीच्या आवाजात फ्रेंच भाषांतर घातलं.
हेझलला पुढचा आठवडा दिला.

६ मे
जपानी टीव्ही. त्यांना बर्फ हवा. मे महिन्यात कुठला बर्फ? पण मी हार मानत नाही. स्केटिंग रिंकच्या मागे खरवडून टाकलेला ढीग होता, काळपट. बाईंना ओव्हरकोट घातला, हातात फावडं दिलं. सहा टेक. बाई घामाघूम.
"ड्वेन, याने मतं मिळतात का रे?"
म्हटलं, प्रतिमा तयार होतेय.

१४ मे
हेझलने रस्त्यावरून फोटो काढला होता. पहिल्या पानावर छापलाय. खाली ओळ: 'आपल्या आमदार मे महिन्यात बर्फ उपसताना. पूल अजून बंद.'
खुलासा पाठवायचा विचार. मग ठरवलं, दुर्लक्ष हेच उत्तर.
किराणा दुकानात कोणी बोललं नाही. कामात असतील.

२ जून
बाईंच्या विरोधात रॉय हॅस्केल, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. एकच मुद्दा, पूल. आपल्याकडे सात देशांतली कात्रणं. फाइल केलीय.
बाई म्हणाल्या, हेझलकडे मी स्वतः जाते. गेल्या. पण निवडणुकीआधीचा शेवटचा अंक छापायला गेला होता.

१० जून, सकाळी
एक्केचाळीस मतांनी गेलो.
बाई टेबल आवरत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "गिरणीतल्या दोनशे बारा माणसांचं विधेयक आता कोण मांडणार रे?"
मी प्रसिद्धीप्रमुख. खोकं धरून उभा राहिलो.

११ जून
टोर्गाइरचा फोन. मनापासून हळहळला. मग त्याने विचारलं, तो बस ड्रायव्हर फार अफलातून माणूस दिसतो, त्याचा नंबर मिळेल का?
दिला. एक आकडा चुकला होता, तो परत फोन करून दुरुस्त केला.