एक घास कमी

४ मार्च
पोचले एकदाची! स्वयंपाकघराला लागून माझी खोली, खोलीला खिडकी आणि दाराला आतून कडी. भावाकडे इतकी वर्षं जिन्याखाली झोपले, त्यामुळे कडी बघूनच हसू फुटलं. दोनदा लावून उघडून बघितली. मालकीणबाई एकट्याच राहतात. सत्तरीच्या, नीटनेटक्या, बोलायला गोड. कामावर घेताना त्यांनी एकच विचारलं, नाक चांगलं आहे ना? मी म्हटलं, नाक चांगलं म्हणूनच तर वहिनीच्या स्वयंपाकाशी कधी पटलं नाही. त्या हसल्या नाहीत.

ओटा ऐसपैस, सुऱ्या धारदार, फ्रिज माझ्याहून उंच. दारामागच्या खुंटीवर आधीच्या बाईचा निळा एप्रन अजून लटकतोय. सोडून गेली तेव्हा विसरली म्हणे.

७ मार्च
या घरात अन्न टाकत नाहीत. चिकन उरलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गरम करून आधी स्वयंपाकिणीने एक घास खायचा. दुपारपर्यंत तिला काही झालं नाही, तर संध्याकाळी मालकीणबाईंना वाढायचं. हे त्यांनी इतकं सहज सांगितलं, जणू दूध उतू जाऊ देऊ नकोस म्हणतायत. भावाकडे उरलंसुरलं माझ्याच पानात पडायचं. इथेही तेच, फक्त पगार देऊन.

मी आईचा नियम सांगितला. शिजवल्यावर लगेच फ्रिजमध्ये गेलं असेल तर तीन दिवस. रात्रभर बाहेर राहिलं तर विचार न करता टाकायचं. त्या म्हणाल्या, चाखल्याशिवाय का कुठे कळतं? आणि पटत नसेल तर भावाचं घर आहेच की तुला. मी वाडगा झाकून फ्रिजमध्ये ठेवला.

१० मार्च
सकाळी वाडगा काढला तर परवाच्या चिकनमधला एक घास कमी. रश्श्यावर गोठलेल्या तवंगात चमच्याचा खड्डा, आणि चमचा धुऊन पालथा ठेवलेला. मालकीणबाईंचे गुडघे असे, की स्वयंपाकघराच्या दोन पायऱ्या त्या उतरत नाहीत. आणि उंदीर काही चमचा धुऊन ठेवत नाही. वास घेतला, अगदी ताजा होता. मी न खाताच खाल्लं म्हणून सांगितलं. संध्याकाळी त्या पोटभर जेवल्या, काही झालं नाही.

१५ मार्च
आज घास घेतलेला नव्हता. चमचा कोरडा, आणि वाडगा फळीच्या अगदी कडेला आणून ठेवलेला. वासात काही खोट नव्हती, तरी मनात पाल चुकचुकली. परसातल्या मांजरापुढे थोडं टाकलं. संध्याकाळपर्यंत ते बिचारं ओकून ओकून अर्धमेलं झालं. माझं मलाच वाईट वाटलं. पोट दुखतंय असं खोटंच सांगून सगळं फेकून दिलं.

म्हणजे घास कमी असेल तर खुशाल वाढावं, नसेल तर टाकावं. माझ्या नाकाची मिजास चांगलीच उतरली. बिघडलेल्याला वास येतोच असं नाही. चाखतं कोण, हे मात्र मी स्वतःला विचारत नाही.

२१ मार्च
शेजारची शिंपीण कुंपणावरून बोलली. आधीची सोडून गेलेली नाही. याच ओट्यापाशी शिळ्या चिकनचा घास खाल्ला आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपली. तिच्या आधीचीही तशीच, एवढं बोलून शिंपिणीने जीभ चावली.

आई म्हणायची, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. मी पिशवी भरली. मग कडीकडे लक्ष गेलं आणि पिशवी रिकामी केली. जाणार कुठे? आणि चाखायला ती निळ्या एप्रनवाली आहे ना. गेलेल्या माणसाला आणखी काय होणार? मी तिच्यासाठी ओट्यावर पेलाभर पाणी ठेवलं. भीती वाटते. मायाही वाटते.

२६ मार्च
काल दिवसभर वीज नव्हती. फ्रिज कोमट. आईचा नियम आठवला, पण घास कमी होता, चमचा पालथा होता. मालकीणबाई आज दारात खुर्ची टाकून बसल्या. माझ्यादेखत खा म्हणाल्या. मी तिच्या भरवशावर खाल्लं.

दुपार
पोटात मुरडा. दात वाजतायत. मालकीणबाई दार लोटून निघून गेल्या.
जमिनीवर पडल्यावर ओट्याखाली दिसलं — चिकनचा घास. चावलेला. गिळलेला नाही. तिने तोंडात घेऊन —
इतके दिवस खरं सांगितलं आणि आज —
खुंटीवर निळा एप्रन नाहीये.

तारीख कळत नाही
दुखायचं थांबलं. खुंटीवर माझा एप्रन.
मालकीणबाई फोनवर बोलत होत्या. मी समोर उभी, तरी बघत नाहीत. आधीची सोडून गेली, म्हणाल्या.
उंबरठा ओलांडता येत नाही. पाऊल उचलते आणि ओट्यापाशीच —

नंतर
नवीन आली. हसतमुख. कडी दोनदा लावून उघडून बघितली.
नाक चांगलं आहे ना, विचारलं तिला.

सकाळ
वाडगा. रात्रभर ओट्यावर राहिलेला, मग पहाटे फ्रिजमध्ये. मला वास येत नाही आता. पण कळतं. हे मारणार.
घास कमी असला तरच वाढायचं, हे एव्हाना तिलाही कळलंय. नाही चाखलं तर ती टाकून देईल. ती वाचेल आणि मी इथेच.
एक घास कमी केला, की ती माझ्या जागी आणि मी सुटले, निळ्या एप्रनवालीसारखी.
काल तिने माझा एप्रन झटकला, घडी घातली, पुन्हा नीट अडकवला. कुणाचा आहे म्हणून विचारलंसुद्धा.
मागचा शहाणा — आई, पण पुढच्याने सांगायला तर हवं —
पायऱ्यांवर पावलं. चमचा माझ्या हातात आहे आणि मी