उलट्या क्रमाने

सोमवार, २७ जानेवारी २०२५. जळगाव.

जावई रवींद्ररावांनी अपघाताबद्दल विमा कंपनीला दिलेल्या निवेदनात पाच चुका आहेत. संघमित्राने प्रत आणली, मी लाल शाईने तपासली. मास्तरकीची सवय!

एक — अपघात सोमवारी तेरा तारखेला नव्हे, रविवारी बारा तारखेला झाला. दोन — ‘पारोळ्याजवळ’ नव्हे. पारोळा सोडून धुळ्याच्या दिशेने नऊ किलोमीटर गेल्यावर. मैलाचा दगड मी स्वतः वाचला आहे. तीन — ‘सायंकाळी’ नव्हे. चार वाजून चाळीस मिनिटांनी. चार — ट्रक ‘अचानक समोर आला’ असे म्हटले आहे. तो ट्रक रस्त्याच्या डाव्या कडेला उभा होता. उभी वस्तू समोर येत नसते. शेळी आडवी आली, रवींद्ररावांनी ब्रेक दाबला, गाडी डावीकडे वळली आणि ट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. असा क्रम आहे. घटना क्रमाने सांगाव्यात, एवढे तरी शिकलेल्या माणसाला जमले पाहिजे.

पाचवी चूक सर्वांत वाईट. ‘गाडी डावीकडे ओढली गेली.’ कोणी ओढली? चालकाने स्वतःला वाक्यातून काढून टाकले आणि दोष गाडीच्या माथी मारला!

गाडी माझी, चालवत होते रवींद्रराव. मी मागच्या आसनावर होतो, पत्नी केसरबाई माझ्या शेजारी. आम्हांला खरचटलेही नाही. पुढे डावीकडे माझी मुलगी संघमित्रा बसली होती. तिचे खांद्याजवळचे हसळीचे हाड मोडले. पंधरा दिवस झाले, हात गळ्यात बांधून ती आमच्याकडे आहे. जावई भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एकटे. मी त्यांना फोनवर स्पष्ट सांगितले आहे — पाच ओळींत चूक मान्य करा, सही करा, मग या घरी.

जाता जाता : ते स्वतःचे नाव ‘रविंद्र’ असे लिहितात. लग्नपत्रिकेत मी दुरुस्त करून छापले होते. नऊ वर्षे झाली, फरक नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

डाव्या डोळ्याने आज वर्तमानपत्राचा मथळाही धूसर दिसला. कोणाला बोललो नाही.

गुरुवार, ३० जानेवारी

सकाळच्या बसने धुळ्याला जाऊन आलो. एरंडोलपर्यंत उभा!

गाडी महामार्गालगत लोटनच्या गॅरेजमध्ये ओढून नेली आहे. लोटन धुळ्याच्या शाळेत माझा विद्यार्थी होता; आता स्वतःच्या नातवाला शाळेत सोडतो. वाकलेली चासी सरळ करण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नाही, असे ऐकून होतो. आज पाहिले.

गाडीचे पुढचे सगळे अंग उतरवलेले. खाली राहते ती चासीची चौकट — दोन लांब दांडे, मध्ये आडवे जोड. लोटन चौकटीच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडतो. ओळंबा जिथे टेकतो तिथे फरशीवर खडूने खूण करतो. मग गाडी ढकलून बाजूला घेतो आणि खुणांमध्ये तिरपी दोरी ताणतो, एकदा इकडून, एकदा तिकडून. दोन्ही कर्ण समान भरले तर चौकट सरळ. आमच्या गाडीच्या कर्णांत तेवीस मिलिमीटरांचा फरक निघाला. यंत्र नाही, पडदा नाही — दोरी आणि खडू! मला फार आवडले. मोजणाऱ्या माणसाबद्दल मला आपोआप आदर वाटतो.

लोटन गाडीखाली शिरला, बॅटरी लावून बराच वेळ पाहत राहिला. बाहेर आला तो हात पुसतच.

“गुरुजी, हाई गाडी एकदाव नही ठोकायनी. याले दोन मार शेतस.”

दोनदा ठोकलेली, म्हणे.

“पहिले कोठे ठोकायेल व्हती का?”

“नाही,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला. “तुम्ही नही म्हंतस म्हंजे नही. मंग मन्हीच नजर चुकनी.” शेजारच्या कारागिराला म्हणाला, “पुना, आमना गुरुजी शेतस हे. यासनी माले एक काना चुकना तर शंभरदाव लिखाले लायेल व्हतं!” दोघेही हसले. मला चहा आणि वर शेव दिली.

लोटनची अहिराणी मी कधीच दुरुस्त केली नाही. तिचे व्याकरण तिच्याजवळ आहे.

परतीच्या बसमध्ये डोळा लागला नाही. पाय सारखे हलत होते. समोरची बाई म्हणाली, “बाबा, उतरायचं आहे का?”

शुक्रवार, ३१ जानेवारी

बेचैन. तीनदा फिरायला गेलो, तिन्ही वेळा कोपऱ्यावरूनच परत आलो.

रविवार, २ फेब्रुवारी

जावई दारातून परत गेले.

एवढेच लिहून वही मिटली होती. पण तपशील राहिला तर नोंद अपुरी ठरते. दुपारी बारा वाजता आले. हातात भरिताची वांगी आणि संघमित्राच्या गोळ्या. “जय भीम, आबा.” मी मानेने उत्तर दिले. कागद आणला का, विचारले.

“कागद नाही आणला. खोटं कसं लिहू, आबा? ब्रेक दाबला की गाडी खरंच डावीकडे ओढत होती. मी डिसेंबरातच तुम्हांला सांगितलं होतं.”

सांगितले होते. आठवते. चौदा डिसेंबरला बाजारातून येताना म्हणाले होते, ‘आबा, गाडी डावीकडे जाते.’ मी उत्तर दिले होते, ‘गाडी जात नसते, रवींद्रराव. नेणारा नेतो.’ त्या दिवशी सगळे हसले होते. तेही हसले होते.

“मग कागद घेऊनच या,” मी म्हणालो.

त्यांनी वांगी केसरबाईंच्या हातात दिली. चपला काढल्याच नव्हत्या, त्यामुळे घालाव्याही लागल्या नाहीत. संघमित्रा आतल्या खोलीतून बाहेर येईपर्यंत जिना उतरून गेले होते.

संघमित्रा मला म्हणाली, “आबा, बायकोचं हाड मोडलं म्हणून तो माणूस रोज रडतो. कुठल्याच गाडीला हात लावत नाही. कामावर बसनं जातो. तुम्हांला अजून काय पाहिजे?”

“सत्य,” मी म्हणालो.

केसरबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “भरीत करू का सत्य वाढू?” कोणी हसले नाही. भरीत उत्तम झाले होते. माझे तसेच पानात राहिले.

संघमित्रा म्हणते, पुढच्या महिन्यात हात मोकळा झाला की भुसावळला जायचे की नाही, ते ठरवीन. कोणाच्या बाजूने बोलत होती, ते कळले नाही. विचारण्याचा धीर झाला नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लोटनचा फोन. काम बसत नाही!

साखळ्या लावून दांडा ओढतो, ताण देऊन तसाच ठेवतो, हातोडीने ठोकतो. ताण आहे तोवर दोन्ही कर्ण सारखे. साखळी सोडली की नऊ मिलिमीटर परत. तीनदा केले. “मन्हंच काहीतरी चुकी ऱ्हायनं, गुरुजी. चाळीस वरीसमा असं व्हयनं नही.” त्याचा आवाज पडलेला. म्हणाला, एक मार समजून ओढतो आहे. आणखी ओढले तर दांडा फाटेल, मग गाडी भंगारातच.

मी ‘बरे’ म्हणून फोन ठेवला. ‘बरे’! त्यात काय बरे होते?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पुन्हा धुळे.

लोटनने मला गाडीखाली यायला सांगितले नव्हते. मीच म्हणालो, दाखव. त्याने गोणपाट अंथरले. शहात्तराव्या वर्षी मी गाडीखाली आडवा झालो. त्याने बॅटरी धरली.

डाव्या दांड्यावर, बाहेरच्या कडेला, मोठी घडी. ती ट्रकची; लोखंड आतून उजळ, ताजे. तिच्याखाली, वीतभर मागे, दुसरी घडी, बारीक. तिच्यात गंज. तीन आठवड्यांत इतका गंज धरत नाही, हे मलाही कळते. आणि गंजाच्या आत, घडीच्या तोंडाशी, पांढऱ्या रंगाची कपची. गाडी निळी आहे. तो ट्रक लाल होता.

पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा एक कठडा मला माहीत आहे.

बाहेर आलो. पाठीला माती. पुना स्टूल घेऊन आला, मी बसलो नाही.

“लोटन, मार दोन आहेत. पहिला नोव्हेंबरातला. रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर, समोरून, थोडा खालून. गाडी मी चालवत होतो.”

त्याने बॅटरी विझवली. मला वाटले, आता हा मला शंभरदा लिहायला लावील. लावायलाच हवे होते!

“चार दिन वाया गयात, गुरुजी.” एवढेच म्हणाला. मग खडू उचलला आणि कामाला लागला. “शेवटला मार पहिले काढना पडस. मंग त्याना पहिलेना. उलटं जानं पडस. मी दोन्ही संगेच ओढी ऱ्हायंतू — त्यामुये जुनी घडी आखो घट्ट बसनी.”

मी ज्यासाठी आलो होतो ते शेवटी विचारले. “त्या जुन्या घडीमुळे गाडी डावीकडे ओढू शकते?”

“शकते काय म्हंतस! ब्रेक दाबा का ती डावीकडेच जाई. आपले वाटस हात चुकना.” मग हळू आवाजात : “जवाईले बोल लावा का तुम्ही?”

मी पाठीची माती झटकली. त्याने लोखंडावरची नजर माझ्यावर आणली नाही. त्याचे उपकार.

उजेड होता तोवर तिथेच थांबलो. ट्रकचा मार आधी काढला. मग साखळीची दिशा बदलली, कठड्याचा काढला. साखळी सैल केली. दोरी ताणली. दोन मिलिमीटर. “इतलं चालस,” लोटन म्हणाला. माझ्या हातात दोरीचे दुसरे टोक होते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मागच्या वर्षीची रोजनिशी काढली. शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४ : ‘प्रकृती ठीक. दिवसभर घरी. वाचन.’

अक्षर सुंदर आहे. एकही खाडाखोड नाही.

त्या दिवशी केसरबाई संघमित्राकडे भुसावळला होत्या. मी एकटाच गाडी घेऊन यावलला गेलो — एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला. ऑक्टोबरात डॉक्टरांनी सांगितले होते, मोतीबिंदू काढेपर्यंत गाडी चालवू नका. संघमित्राने माझ्याकडून वचन घेतले होते. मी दिले होते, पूर्ण वाक्यात. परतताना केळीच्या बागेजवळच्या मोरीवर डावीकडचे अंतर कळले नाही. कळले नाही म्हणजे दिसले नाही. घड कापणाऱ्या बायका धावत आल्या. एकीने पाणी दिले. “बाबा, घरच्यांना फोन लावा.” मी म्हणालो, घरच्यांना सांगण्यासारखे काही नाही. भुसावळलाच, मुलगी राहते त्याच गावात, पुढचा बंपर बदलून घेतला. खालचे पाहून देऊ का, असे त्या कारागिराने विचारले होते. घाई आहे, म्हणालो. अंधार पडण्याआधी घरी. मग ही ओळ लिहिली.

केसरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “मागच्या वर्षीची वही कशाला काढली?”

“एक तारीख पाहायची होती.”

“बंपरची?”

मी वर पाहिले.

“चौदा वर्षांच्या गाडीला कोरं करकरीत नाक. मला चष्मा नाही लागला अजून. मला वाटलं, सांगतील आज, सांगतील उद्या. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. पण पोरीचा संसार मोडेपर्यंत थांबणार नाही मी.” आणि जाता जाता : “एकावन्न वर्षं वही लिहिता. कुणाला भिऊन लिहिता?”

गाडीची दुसरी किल्ली माझ्या कपाटातून काढून संघमित्राच्या उशाशी ठेवली. ती झोपली नव्हती. तिने किल्ली मुठीत घेतली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

रवींद्ररावांना लिहायच्या पत्राचे चार मसुदे केले. चारही भाषेच्या दृष्टीने निर्दोष. चारही फाडले. प्रत्येकात कारण आधी आले होते आणि मी शेवटी.

रविवार, ९ फेब्रुवारी. भुसावळ.

संघमित्रा आणि मी सकाळच्या बसने आलो. रवींद्ररावांच्या स्वयंपाकघरात बसलो आहे. ते म्हणाले, “आबा, आधी चहा,” आणि ओट्याकडे वळले. चहा उकळेपर्यंत लिहून होईल. मग हे पान उघडेच त्यांच्यापुढे ठेवीन. ही वही आजवर कोणी वाचलेली नाही.

दुरुस्त नोंदी. शेवटची आधी.

२ फेब्रुवारी २०२५ — ‘जावई दारातून परत गेले’ असे लिहिले. मी परत पाठवले.

३० जानेवारी — लोटनने विचारले, मी ‘नाही’ म्हणालो. खोटे बोललो.

२७ जानेवारी — निवेदनात पाच चुका काढल्या. पाचवी चूक नव्हती. गाडी ओढली गेली.

१२ जानेवारी — अपघात. वेळ चार वाजून चाळीस मिनिटे. चालकाचा दोष नाही.

१४ डिसेंबर २०२४ — रवींद्रराव खरे सांगत होते. त्यामागचे कारण मला माहीत होते.

२२ नोव्हेंबर — ‘दिवसभर घरी.’ खोडले. घरी नव्हतो. गाडी मी चालवत होतो.