डिशमधली धडधड

४ फेब्रु.
अण्णांचा इको झाला. हृदय मोठं झालंय, पंपिंग कमी. गोळ्या, मीठ बंद. आयुष्यभर एसटी चालवली, आज दवाखान्याच्या जिन्यात मधेच बसले. आई म्हणाली, "तू हृदयावरच पीएचडी करतीस ना? सांग की मग काय झालंय." काय सांगणार. मी उंदराच्या पेशी बघते.

९ फेब्रु.
नव्या डिशमधल्या पेशी धडधडायला लागल्या. उंदराच्या पिल्लाच्या हृदयातल्या, सुट्या केलेल्या. मेंदू नाही, रक्त नाही, तरी प्रत्येक पेशी आपल्या ठेक्यात. एकमेकींना चिकटल्या की ठेका एक होतो. कितीदा बघितलं, तरी डबा खायचा राहतो.

१६ फेब्रु.
रविवार, करमाडला घरी. अण्णांना म्हटलं, पेशी आपले मोडके भाग स्वतःच गिळते, त्यांचंच नवं सामान करते. ऑटोफॅजी. ते मंदावलं की आत कचरा साचतो.
"मंदावतं कशानं?"
"लई कारणं. त्यातलं एक मायक्रोआरएनए. इवलासा धागा. सफाईचं सामान बनवायचा निरोप निघतो, तो निरोप हा धागा मधेच अडवतो."
"एवढंसं ते, अन् एवढं मोठं हृदय बिघडवतं?"
"एकटं नाय, अण्णा. पण हात असतो त्याचा."
अण्णा म्हणाले, "मला दाखवशील त्या पेशी?"

२१ फेब्रु.
गाईड मॅडमनी होकार दिला. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मायक्रोस्कोपला डोळा लावला तो काढेनातच. एक हात स्वतःच्या छातीवर. त्यांना कळलंही नसावं.
"कोण चालवतंय ह्याला?"
"कुणीच नाय. आपोआप."
"धडधड सोडायला तयारच नाय की हे," एवढंच म्हणाले. बाहेर येऊन विद्यापीठामागच्या डोंगराकडं बघत बसले. मीही.

२७ फेब्रु.
ताण दिलेल्या पेशींत तो धागा बांधून टाकला, काम करू नये म्हणून. आज फोटो. प्रत्येक पेशीत चमकणारे हिरवे ठिपके, कचरा भरलेल्या पिशव्या. काल काळोख होता तिथं.
मॅडम म्हणाल्या, "सुंदर आहे. पण सफाई वाढली, की पिशव्या नुसत्या तुंबल्या?"
बरोबर. ठिपके दोन्हींत वाढतात. शिवाय सफाई अती झाली तर पेशी स्वतःलाच संपवते.

५ मार्च
आज पिशव्या रिकाम्या व्हायची वाटच मुद्दाम बंद केली. ठिपके आणखी वाढले तर सफाई खरंच चालू होती. तेवढेच राहिले तर आधीच तुंबलं होतं. उद्या बघायचं.
संध्याकाळी अण्णांचा फोन. बोलताना दम लागत होता.
"लागला का निकाल?"
"उद्या. अन् लागला तरी औषध व्हायला लई वर्षं, अण्णा. तुमच्यापर्यंत..."
"असू दे," म्हणाले. मग, "माझ्यात पण चालूच असंल ना गं ते सफाईचं? आत्ता?"
"व्हय. आत्तासुद्धा."
फोन कुणीच ठेवला नाही.