सोळा पिंड

मालवण, मंगळवार, २ डिसेंबर १९५८

दादा आज गुजरातेतल्या सिद्धपूरहून आईचं श्राद्ध करून आला. आल्यापासून त्याचं एकच. आईसाठी तेवढंच एक क्षेत्र, कपिलमुनींनी तिथेच आपल्या आईला मोक्षाची वाट दाखवली, बिंदुसरोवराकाठी सोळा पिंड दिले, आईच्या एकेका कष्टाचा एकेक. नऊ महिने पोटात वागवलं त्याचा, बाळंतकळांचा, ओल्या अंथरुणात स्वतः निजून मुलाला कोरड्यात ठेवलं त्याचा. सांगताना डोळे पुसत होता. काकू हात जोडून ऐकत होती.

आणि आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती तेव्हा? मी पाच पत्रं घातली. मुंबईहून एकदाही आला नाही. तिच्या पाठीला जखम झाली, ती मी रोज धूत होते. कपिलमुनी निदान आईजवळ बसून बोलले तरी!

शेवटी विचारलंच. "दादा, आवशीच्या पाठीवरच्या जखमेचो पिंड खंयचो?"

काकू ओरडली, "गप रव गो! आवशीक मोक्ष देऊन इलो तो."

दादा खाली बघत म्हणाला, "माका ता बघवला नसता."

"आणि माका बघवत होता?"

त्याने सरोवराच्या तीर्थाची लोटी पुढे केली. मी हात केला नाही, उठून आत आले.

ती जखम… वास अजून बोटांना येतो.

त्या पिंडांनी आई सुटली असेल. दादाला मी सोडलेलं नाही.