ग्लासात नसलेली माशी

प्रिय उत्कर्ष,

मला माशीची किती किळस येते हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? वाशीमच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली तिचा पाय पाहिला आणि मी तोंड धुवायला पळाले, त्यावरून तू वर्षभर चिडवलंस. आता तोच पाय मी अकरावीच्या पोरांना शिकवते. दोन नख्या, त्यांच्याखाली मऊ गाद्या, गाद्यांवर बारीक केस आणि केसांच्या टोकांना तेलकट, चिकट ओल. शी! गुळगुळीत पानांवरून ज्या घसरल्या त्या बऱ्याचशा संपल्या, ज्या चिकटून राहिल्या त्यांचीच वीण वाढली. असं कोट्यवधी वर्षं चाललं, तेव्हा कुठे ही बया काचेवर उलटी चालायला लागली. शेणावरून उठते ती थेट ताटात, आणि मेली चवही पायांनीच घेते!

म्हणून तुम्ही आपल्या लग्नाचं बोलायला रिठदहून आमच्याकडे मेडशीला येणार म्हटल्यावर मी आईच्या मागेच लागले. तिने फिनेलने घर पुसलं, खिडक्यांना जाळी लावून घेतली, पाण्याच्या ग्लासांवर ताटल्या झाकल्या. तुझ्या आईंसमोरची ताटली मी स्वतः उचलली. पाणी स्वच्छ होतं रे. त्यांनी एकदा भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं आणि ग्लास बाजूला सारला, "माशी पडली ना बाई याच्यात, राहू द्या." आईने दुसरा ग्लास आणला, त्यातही त्यांना माशी दिसली. मग म्हणाल्या, "आमाले तहानच नाही." आणि तासाभरात बसस्टँडवर माशा घोंगावणारी जिलेबी त्या खात होत्या, बाबांनी पाहिलं. घरी येऊन त्यांनी ते मलाच तेवढं सांगितलं. आई मात्र मला विचारत राहिली, "काहून वं, माह्याकडून कुठं घाण राह्यली का?" तिला काय सांगू?

तुझ्या आईंचा राग आला, पण तो राग मी गिळला असता. तुझं काय? तू ग्लास ओठांपर्यंत नेला होतास. त्यांच्याकडे पाहिलंस आणि घोटही न घेता खाली ठेवलास. माझी आई समोर उभी होती, उत्कर्ष. तेव्हापासून मला किळस येते ती तुझी. जीव अजून तुझ्यातच अडकलाय, म्हणून स्वतःचीही येते. साक्षगंधाची, साखरपुड्याची तारीख काढू नका, एवढं सांगायला हे लिहिलं.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही,
धम्मदीपा