उंदराच्या छातीतली घरघर

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसून जितका साष्टांग होतो तितका). तुझी कंबर आता कशी आहे? दवाखान्यात दिवसभर उभी राहतेस आणि पेशंटना मात्र विश्रांती घ्यायला सांगतेस, यावर मी काही बोलत नाही.

छोटीचा पांढरा उंदीर गेला. तो दुकानात निवडला होता मी. बाकीचे पिंजराभर धुडगूस घालत होते आणि हा कोपऱ्यात केस फुलवून गप्प बसला होता. मला वाटलं, काय सुशील उंदीर आहे! तो आजारी होता. छोटी रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, आणखी एक आणू. पण तोही गेला तर मला परत कधीच नको."

शनिवारी तिला घेऊन पुन्हा त्याच दुकानात गेलो (दुसरं दुकान शोधलं नाही, हा आळस की न्यायबुद्धी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही). या खेपेला वाचून गेलो होतो: डोळे चमकदार, नाक कोरडं, शेपटीवर जखम नको, आणि मुख्य म्हणजे उंदीर कानाशी धरून श्वास ऐकायचा. घरघर आली की नको. पहिला टुणटुणीत होता, पण कानाशी धरला तर घरघर. दुसरा करडा, तीच गत. तिसरा, चौथा, सगळे घरघरणारे! अख्खा पिंजराच बाधलेला. सांगावं तर दुकानदाराच्या धंद्यावर घाला, न सांगावं तर आणखी कुणाच्या तरी पोरीचा उंदीर मरणार. शेवटी धीर करून सांगितलं.

तो भडकलाच. "साहेब, घ्यायचा नसेल तर नका घेऊ, पण माझा माल बदनाम करू नका!" लोक वळून बघायला लागले. छोटीचा चेहरा एवढासा झाला. तिने करडा उचलला, कानाशी धरला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली.

"याचं काहीच वाजत नाहीये," ती म्हणाली. "बाबा, तू जरा श्वास थांबव बरं."

मी थांबवला. तिने उंदीर माझ्या कानाला लावला. घरघर बंद!

दुकानदाराची माफी मागितली (दोनदा, पहिली मला पुरेशी मनापासून वाटली नाही). करडा घरी आलाय आणि चाकावर पळपळ पळतोय.

तुझा,
धाकटा

ता. क. 'एकदा छाती दाखवून जा' असं तू म्हणायचीस आणि मी वेळ नाही म्हणायचो. येत्या महिन्यात सवडीने माझा नंबर लावशील का? घाई नाही.

ता. क. २ पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात छोटी आली. उंदराला कान लावला, "मस्त" म्हणून सोडून दिला. मग तोच कान माझ्या पाठीला लावला. ती कान उचलेचना. ताई, उद्याच येतो.