अकरा ओळींच्या निबंधाला दिलेले सहा गुण

प्रति,
मा. विभागीय परीक्षा नियंत्रक,
मराठी लेखन प्रावीण्य परीक्षा, विभागीय कार्यालय,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : न वाचता तपासलेला निबंध पुन्हा तपासून उमेदवारास तसे लेखी कळविणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचा दि. २ जून २०२५ चा अर्ज व त्यावरील आपले नकाराचे पत्र.

महोदया,

सविनय सादर की, अर्जदार नूरमोहम्मद इब्राहिम पठाण, रा. पडेगाव, याने कन्नड तालुक्यात एकतीस वर्षे मराठी शिकविली असून यंदा तो निबंधांचा परीक्षक होता. फेरतपासणी मागण्याचा अधिकार परीक्षकास नाही, असे आपण कळविले. नियम मान्य आहे. तरीही अर्जदार पुन्हा दारात उभा आहे, कारण चूक त्याची स्वतःची आहे.

तपासणीच्या दिवशी त्याच्यापुढे साठ उत्तरपत्रिका होत्या. केंद्रावरचे मुख्य परीक्षक सकाळीच म्हणाले होते, "सर, वाचत बसू नका. पानं बघा. तीन पानं भरली की पंधराच्या पुढं, एका पानाला आठच्या वर जायचं नाय." दुपारपर्यंत अर्जदाराने ऐकले नाही. दुपारनंतर हात आणि डोळे थकले, तेव्हा ऐकले. नंतर घरी त्याने आपले टिपण काढून पाहिले : दुपारनंतर एका पानाच्या एकाही निबंधाला आठच्या वर गुण नाहीत, आणि तीन पानांच्या एकालाही पंधराच्या खाली नाहीत.

त्यांत एक निबंध अकरा ओळींचा होता. विषय, 'न विसरता येणारा प्रवास'. अर्जदाराने वीसपैकी सहा गुण दिले, समासात 'विस्तार नाही' असे लिहिले आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

मे महिन्यात मोनाली कडुबा दाभाडे ही त्याची जुनी विद्यार्थिनी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेऊन पडेगावला आली. निवासी अध्यापक प्रशिक्षणाची तिची जागा दोन गुणांनी गेली होती. "सर, काय कमी पडलं, तेवढं सांगा," ती म्हणाली. समासातले अक्षर अर्जदाराचे होते. निबंध त्याने तेव्हा पहिल्यांदा वाचला.

आई मुक्ताबाई हिला घेऊन मोनाली कन्नडहून एसटीने शहरातल्या दवाखान्याला निघाली होती. खुलताबादच्या पुढे आईने तिच्या खांद्यावर डोके टेकले. थोड्या वेळाने आईचा श्वास जाणवेनासा झाला. सांगितले तर आपल्याला रस्त्यातच उतरवतील, या भीतीने पोरगी शहर येईपर्यंत ताठ बसून राहिली. शेवटची ओळ अशी आहे : 'शेजारच्या बाईनं विचारलं, झोपल्या का? मी व्हय म्हणाले.'

यापुढे तिने काय विस्तार करावयास हवा होता, हे अर्जदारास अद्याप सुचलेले नाही. थोडके लिहा, खरे असेल तेवढेच लिहा, हे आठवीच्या वर्गात तिला त्यानेच शिकविले होते.

मोनाली पडेगावला आली त्या दिवशी त्याच्या तोंडून खरे निघाले नाही. आठवड्याने तो गुलमंडीत, ती आता कामाला लागली आहे त्या कापडाच्या दुकानात गेला आणि सगळे बोलून मोकळा झाला. ती रागावेल, असे त्यास वाटले होते. रागावली असती तर बरे झाले असते. कापडाची घडी घालता घालता ती म्हणाली, "तुमी तपासलं व्हय, सर? मग बरोबरच आसंल. मला वाटलं, कोणी परक्यानं तपासलं."

निबंध आपण वाचलाच नव्हता, असे अर्जदाराने तिला शपथेवर सांगितले. सर मायेपोटी बोलत आहेत, असे ती समजते. तिने लिहिणे सोडले आहे. त्यानंतर अर्जदार चार वेळा दुकानात गेला. ती चहा मागवते, आणि त्याच्या गुडघेदुखीची विचारपूस करते.

प्रवेश बंद झाले आहेत, हे अर्जदारास माहीत आहे. जागा परत द्यावी, अशी मागणी नाही. दुसऱ्या कोणाकडून तो निबंध वाचून घ्यावा, पडतील ते गुण द्यावेत. आणि पहिल्या वेळी तो वाचला गेला नव्हता, एवढे एक वाक्य कार्यालयाच्या शिक्क्यानिशी तिला पाठवावे. अर्जदाराचे नाव परीक्षकांच्या यादीतून काढावे, वाटेल ती कारवाई करावी. एकतीस वर्षांत त्याच्या शब्दावर तिच्याएवढा विश्वास कोणी ठेवला नाही, आणि आता या एकाच बाबतीत ती त्याचे ऐकत नाही. शिक्का पाहिला तर ऐकेल.

आपल्या पत्राची वाट पाहणारा,
नूरमोहम्मद इब्राहिम पठाण
पडेगाव, दि. १४ जुलै २०२५

सोबत : निबंधाची छायाप्रत, एक पान. कृपया वाचावी.